डाव्या हाताचा चाकू

दुकानदार चाकू दाखवतो तो नेहमी उघडून. पातं उजेडात फिरवतो, कागदाचा कपटा उभा चिरून दाखवतो. तांबोळीमामा तोच चाकू हातात घ्यायचे आणि आधी मिटायचे. मग उघडायचे, पुन्हा मिटायचे. असं दहा-बारा वेळा झालं की दुकानदाराचा चेहरा उतरायला लागायचा.

"उघडाया कुनालाबी येतं, मॅडम," ते मला म्हणायचे. "मिटताना कसा वागतो त्ये बगायचं. बोटं तवाच जात्यात."

चाकणला मी ज्या कंपनीत नोकरी करते तिथं गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तयार होतात. बाहेरून आलेला माल तपासणं हे माझं काम. माझ्या टेबलाला लागून काचेची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे मामांची खोली होती. कंपनीतली मोजमापाची सगळी साधनं, व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज, ठरावीक महिन्यांनी त्या खोलीत यायची, आणि ती स्वतः खरं मोजतात की नाही हे मामा तपासायचे. लोखंड उष्णतेनं फुगतं म्हणून त्या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान ठेवलेलं असे. एप्रिल-मेमध्ये बाहेर मशीनवर माणसं घामानं निथळत असायची आणि मामा राखाडी स्वेटर घालून बसलेले दिसायचे. कोणी आत गेलं की आधी "दार लावा" म्हणायचे, मग मान वर करायचे. आत येणारा माणूस गेज ठेवायचा, सही करायचा आणि जायचा. त्या गारठ्यात गप्पा मारायला कोणी थांबत नसे.

इस्माईल तांबोळी हे त्यांचं पूर्ण नाव. पिढ्यान्‌पिढ्या चऱ्होलीचे. आजोबांचं पानाचं दुकान होतं. मामा आयटीआय करून कारखान्यात आले आणि तिथंच केस पांढरे केले. मी उदगीरहून नवीन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात माझं बोलणं ऐकून ते म्हणाले होते, "तुमी हितल्या न्हाई. पन येक सांगतो, बोली बदलू नका. हितं येऊन समदी येकच भाषा बोलाया लागत्यात, मग कोन कुटलं कळत न्हाई." मी त्यांचं ऐकलं नाही. ते मात्र कंपनीच्या साहेबांशीसुद्धा 'व्हय' आणि 'न्हाई' असंच बोलायचे.

जेवणाच्या सुट्टीत मामा कॅन्टीनमध्ये दहा मिनिटांत जेवून परत यायचे. टेबलावर पांढरं फडकं अंथरायचे आणि खिशातून घडीचा चाकू काढायचे, मिटला की तळहातात मावेल असा. दोन-तीन आठवड्यांनी जुना जाऊन नवा यायचा. सगळे चारशे रुपयांच्या आतले. त्याहून महाग चाकूला ते हातच लावत नसत. "म्हाग असंल तर चांगला असनारच की. त्यात तपासायचं काय? रोज खिशात घालाया पायजे, हरवला तर रडू येऊ नये आसा पायजे."

मग परीक्षा सुरू व्हायची. आधी व्हर्नियरनं पात्याची जाडी, टोकाला, मधे आणि मुळाशी. मग पातं मुठीत डावी-उजवीकडे हलतं का ते. मग लॉक. चाकू उघडल्यावर मुठीतली एक पट्टी पात्याच्या मागं येऊन बसते आणि ते आपोआप मिटू देत नाही. स्वस्तातल्या चाकूची खरी लबाडी त्या पट्टीत असते, असं मामांचं म्हणणं होतं. ते चाकू उलटा धरून पात्याची पाठ टेबलाच्या लाकडी कडेवर हलके ठोकायचे. बोटं असतात त्या जागी पेन्सिल धरलेली असायची. लॉक सुटला तर पेन्सिलीवर खाच. त्यांच्या डब्यातल्या बहुतेक पेन्सिली उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसायच्या.

लॉक टिकला तरच धार बघायची. पॅकिंगचा पुठ्ठा, नायलॉनची पट्टी आणि शेवटी पेरू. "पेरू कडक पायजे. पिकल्याला काय, चमच्यानंबी कापतो." त्यानंतर पात्याला लिंबू आणि मीठ चोळून दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवायचे, गंज किती धरतो ते बघायला. एवढ्यातून पार पडलेला चाकू आठ दिवस त्यांच्या पँटच्या खिशात राहायचा. बसताना मांडीला टोचतो का, खिशात आपोआप उघडतो का, फटीत कापसाचे धागे अडकतात का, सगळं बघून झालं की निकाल. आणि निकाल बहुतेकदा नापास.

खटक्याचा चाकू मात्र त्यांनी कधी आणला नाही. बटण दाबलं की सपकन उघडणारा असा एक पॅकिंगमधल्या शिंदेनं कौतुकानं दाखवला तेव्हा मामांनी हात मागं घेतला. "ह्यो भांडनाचा माल. घरात ठेवायचा न्हाई."

पुढं त्याच शिंदेनं ऑनलाइन मागवलेला एक काळा, झोकदार चाकू आणला. त्याला मामांची शाबासकी हवी होती. मामांनी पेन्सिल लावली, पाठीवर एकदाच ठोकलं. पातं खाडकन मिटलं आणि पेन्सिलीचा तुकडा उडून माझ्या काचेवर आपटला.

"मामा, अहो साडेचार स्टार आहेत त्याला!" शिंदे म्हणाला.

मामांनी पेन्सिलीचा तुकडा उचलून शिंदेच्या तळहातावर ठेवला. "आसतील. ह्ये तुजं बोट. खिशात घाल आन् जा."

शिंदे हसला, पण तो चाकू त्यानं पुन्हा खिशात घातलेला मी पाहिला नाही.

गेटवरच्या रखवालदाराला मामांची सवय झालेली होती. सकाळी ते स्वतःच चाकू काढून दाखवायचे, रखवालदार वहीत लिहायचा आणि सोडायचा. एकदा नवे सुरक्षा अधिकारी आले. त्यांनी हुकूम काढला की कुठल्याही प्रकारचा चाकू आत जाणार नाही. सगळ्यांना वाटलं मामा वाद घालतील. ते नुसते "बरोबर हाय" म्हणाले आणि चाकू गेटवर ठेवला. त्या दिवसापासून ते जेवणाच्या सुट्टीत दोन्ही खिशांत पेन्सिल, पुठ्ठा, पेरू घेऊन गेटबाहेर जायचे आणि रिक्षा थांबतात तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसून परीक्षा घ्यायचे. मेमधलं ऊन, शेजारून कंटेनर जातायत, धूळ उडतेय, आणि हे फडकं अंथरून बसलेत. पंधरा दिवसांनी त्या अधिकाऱ्यांनाच बघवेना. त्यांनी साहेबांना विचारून लेखी परवानगी दिली. मामांनी त्यांना पेरूची एक फोड दिली, एवढंच.

मला एक गोष्ट लक्षात यायला बरेच महिने लागले. मामा लिहायचे उजव्या हातानं, जेवायचे उजव्या हातानं, मायक्रोमीटर फिरवायचे तेही उजव्याच हातानं. चाकू समोर आला की मात्र त्यांचा उजवा हात मांडीवर जाऊन पडायचा आणि तिथून हलायचा नाही. उघडणं, मिटणं, कापणं, सगळं डाव्या हातानं, आणि तेही अवघडून. अंगठा पातं उघडायच्या गुंडीवरून घसरायचा, पातं अर्ध्यात अडकायचं. मला वाटायचं, असेल काहीतरी सवय.

ते कोडं सुटलं पिंपरीच्या बाजारात. मला कुकरची रिंग घ्यायची होती, मामांना चाकू. एका भांड्यांच्या दुकानात त्यांनी एकाच कंपनीचे बारा चाकू समोर मांडले आणि एकेक डाव्या हातानं उघडून-मिटून बघायला लागले. दुकानदार तरुण होता. सातव्या चाकूला त्याचा संयम संपला.

"काका, बँक लुटायचीय का?"

"पेरू कापायचाय," मामा म्हणाले.

"मग उजव्या हातानं धरा ना! हा उजव्या हाताचाच आहे. सगळे उजव्याचेच असतात."

"त्येच तर," असं म्हणून मामांनी आठवा उचलला.

एकही पसंत पडला नाही. बाहेर येऊन आम्ही रसवंतीत बसलो आणि मी विचारलं, "मामा, डाव्या हाताचं हे काय आहे?"

त्यांनी ग्लास फिरवत सरळ सांगितलं. घरी रजिया, त्यांची बायको. वर्षभरापूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. काठी धरून थोडं चालायला लागली होती, हात मात्र आला नाही. मुलगी लग्न होऊन सोलापूरला. ती महिनाभर राहून गेली. शेजारची कमल भाजी चिरून द्यायची. त्यावर रजियाभाभीचं काही म्हणणं नव्हतं. पण पेरू कोणी कापून आणून दिला की ती बशी तशीच सरकवून द्यायची.

"म्हनली, मी काय ल्हान पोर हाय का भरवाया? माजा पेरू मी कापनार. विळीला दोन हात लागत्यात. मी येक फळी बनवली, तिला दोन खिळे उभे ठोकले, पेरू त्यावर खोचला की हलत न्हाई. मग सुरी दिली. तर येक दिस पेरू कापून सुरी बाजूला ठेवली आन् उजवा हात तिच्यावर टेकवून बसली. रगत चटईवर आलं तवा कळलं. तिला त्या हाताला काय कळतच न्हाई, मॅडम."

म्हणून घडीचा चाकू. काम झालं की पातं आत गेलंच पाहिजे. उघडायचा एकाच हातानं, मिटायचाही एकाच हातानं, आणि तो हात डावा. लॉक पक्का हवा, कारण पातं डाव्या बोटांवर मिटलं तर सोडवायला दुसरा हात नाही. आणि कमरेच्या बटव्यात कायम राहील असा हलका. कोणाला हाक मारून मागावा लागू नये.

त्या दिवसापासून माझी आणि न पाहिलेल्या रजियाभाभीची ओळख सुरू झाली. मामांच्या परीक्षेत पास झालेला चाकू घरी जायचा आणि तिथं नापास होऊन यायचा. मी सकाळी काचेवर टकटक करून विचारायची, "काय म्हणाल्या भाभी?"

"म्हनली, मूठ गार लागती."

"म्हनली, गुंडी बोचती."

"काय न्हाई म्हनली. परत दिला."

हळूहळू आमच्या विभागात सगळेच विचारायला लागले. शिंदे तर पैज लावायचा. निकालही रंगत गेले. एक चाकू फारच घट्ट उघडायचा, त्यावर "म्हनली, ह्यो उगडंस्तवर पेरूचा हंगाम जाईल." हिरव्या मुठीचा एक आणला तर "म्हनली, ह्यो सरहद्दीवर पाठवा, आपल्या घरात कोन लढाया बसलंय." आम्ही हसायचो, मामाही हसायचे. वर्षं गेली. मी रजियाभाभीला कधी भेटले नव्हते, पण तिचं नाक कसं असेल, ती चाकू परत देताना कशी बघत असेल, हे मला ठाऊक असल्यासारखं वाटायचं. मी एकदा म्हटलंही, "मामा, भाभींना भेटायला यायचंय मला."

"या की. जरा बरं वाटू दे तिला," ते म्हणाले होते.

मग मी स्वतःच शोधाला लागले. एका रविवारी फोनवर चाळता चाळता मला एक चाकू दिसला. त्याच्या पात्याला गुंडी नव्हती, गोल भोक होतं, दोन्ही अंगठ्यांना सारखंच. लॉक मुठीच्या पाठीवर, कुठल्याही हातानं दाबता येईल असा. किंमत मामांच्या अटीत बसत होती. मी तो मागवला आणि पिंपळे गुरवच्या माझ्या स्वयंपाकघरात, उजवा हात पाठीमागं बांधल्यासारखा ठेवून आठवडाभर उघडून-मिटून बघितला. मिटताना अंगठ्यानं लॉक दाबायचा आणि पात्याची पाठ मांडीला टेकवून ढकलायची. जमत होतं. पेन्सिल लावून पाठीवर ठोकला. सुटला नाही.

नेमके त्याच आठवड्यात मामा तीन दिवस कामावर आले नाहीत. ताप होता म्हणे. फोन उचलत नव्हते. रविवारी मी चाकू पर्समध्ये टाकला, अर्धा डझन पेरू घेतले आणि रिक्षानं चऱ्होलीला गेले. भाभीला आपण स्वतः चाकू देऊ, या आनंदात होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्या मधून जुन्या गावठाणाची गल्ली शिरते, तिथं विचारत विचारत मामांच्या घरापाशी पोचले. शेजारच्या पायरीवर एक बाई डाळ निवडत होती. तीच कमल असणार. मी विचारलं, "तांबोळींचं घर हेच ना? रजियाभाभींना भेटायचंय."

तिचा हात सुपातच थांबला. "कुनाला?"

"रजियाभाभींना. मी मामांच्या कंपनीतली."

"भाभी जाऊन दीड वरीस झालं की, ताई," ती म्हणाली. "तुमास्नी म्हायती न्हाई?"

मी पेरूंची पिशवी हातात धरून उभी राहिले. काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. पहिल्यांदा राग आला, ते आठवतं. माझी कोणीतरी फसवणूक केली असा राग. मग लक्षात आलं की गेल्या दीड वर्षात मी कितीतरी सकाळी काचेवर टकटक करत होते.

मामा खाटेवर पडलेले होते, अंगावर चादर. खोली झाडलेली, स्वच्छ. कोनाड्यात चाकू ओळीनं मांडलेले, सगळे मिटलेले. दोन खिळ्यांची फळी भिंतीला उभी करून ठेवली होती. माझा चेहरा बघून ते उठून बसले.

"कमल बोलली व्हय," ते म्हणाले.

मी मान हलवली. बसा म्हणाले, म्हणून खुर्चीवर बसले.

"दुसरा झटका आला. पहाटंची गेली. मी तीन दिसांची रजा टाकली. अर्जात बाहेरगावी म्हून लिवलं."

"पण का, मामा? सांगायचं ना. आम्ही सगळे आलो असतो."

"आला असता," ते म्हणाले. बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिले. "चौथ्या दिशी कामावर आलो. ठरवलं व्हतं सांगायचं. दार लावलं, बसलो, तर तुमी काच वाजवली. म्हनला, काय म्हनल्या भाभी? आन् माज्या तोंडातनं निगून गेलं, म्हनली पातं लांब हाय."

मला तो दिवस आठवेना. इतर दिवसांसारखाच एक दिवस.

"मग दुसऱ्या दिशी शिंदेनं इचारलं. मग दर चाकूला तेच. हितं आलो की समदं गप. पोरगी फोन करती, ती रडती, मग मी ठेवतो. कंपनीत कसं, गेलं की कोनतरी इचारायचं, ती काय म्हनली. मग मी इचार करायचा, ती काय म्हनली आसती." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कंपनीत ती हाय, मॅडम. फकस्त घरी न्हाई."

मी चहा करते म्हणाले आणि आतल्या चुलीपाशी गेले. चहा करताना मनात ते सगळे निकाल आठवत होते. थोडक्यातले, तुटक, गार लागती, बोचती, परत दिला, हे भाभीचे. आणि पेरूचा हंगाम, सरहद्द, आम्हाला हसवणारे ते सगळे मामांचे. ती जिवंत होती तेव्हा कमी बोलायची. मेल्यावर बोलकी झाली होती.

चहा घेतल्यावर त्यांनीच विचारलं, "पर्समदी काय हाय? मगाधरनं हात त्येच्यावर हाय तुमचा."

मी चाकू काढून दिला. देऊ नये असं वाटत होतं, पण आता लपवणं आणखी वाईट दिसलं असतं. मामांनी तो हातात घेतला. उजवा हात आपोआप मांडीवर जाऊन पडला. डावा अंगठा भोकात शिरला, पातं सरळ उघडलं. पाठीवरचा लॉक दाबला, मांडीला टेकवून ढकललं. मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. कुठं अडकलं नाही, घसरलं नाही. तापानं सुकलेला त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी पाच-सहा वेळा केलं आणि थांबले. एरवी दहा-बारा वेळा करायचे.

"कुटं मिळाला?"

मी सांगितलं.

"आदी आला आसता तर," एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या माज्याकडं. आठ दिस बगतो."

आठ दिवसांनी सोमवारी ते कामावर होते. जेवणाच्या सुट्टीत शिंदे नेहमीप्रमाणे आला, आणखी दोघं-तिघं आले. टेबलावर फडकं, फडक्यावर माझा चाकू. मी दारात उभी होते. मी कंपनीत कोणालाही काही बोलले नव्हते.

"काय मामा, नवा माल?" शिंदे म्हणाला. "भाभी काय म्हणाल्या?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ते माझी परवानगी मागताहेत. आज वाटतं, ते मला विचारत होते की आता तू काय करणार. मी म्हटलं, "सांगा की मामा. काय म्हणाल्या?"

त्यांनी चाकू मिटून फडक्याच्या मधोमध ठेवला.

"बेस हाय म्हनली. हातात बसतो म्हनली. पेरू कापला तिनं, सोता. आमाला दोगास्नी चार-चार फोडी केल्या." मग ते म्हणाले, "आता दुसरा आनू नका म्हनली."

शिंदेनं टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पेढे मागितले. मामाही हसले. मला त्यांचं हसू बघवलं नाही म्हणून मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

त्या क्षणी मला वाटलं होतं की आपण बरोबर वागलो. एका माणसाचं दुःख त्याच्या पद्धतीनं पुरं होऊ दिलं. पण पुढच्या दिवसांत जे झालं ते मी काचेतून रोज बघत होते. शोध संपला म्हणजे निकाल संपले. निकाल संपले म्हणजे विचारणं संपलं. जेवणाच्या सुट्टीत शिंदे आता मोबाइल घेऊन कॅन्टीनमध्येच बसायचा. मामा दहा मिनिटांत जेवून परत यायचे, दार लावायचे आणि वीस अंशांत हात स्वेटरखाली घेऊन बसायचे. टेबल रिकामं. मी एक-दोनदा आत जाऊन काहीबाही बोलायचा प्रयत्न केला. काय विचारायचं तेच कळेना. ज्या एका प्रश्नावर आमचं बोलणं वर्षानुवर्षं चाललं होतं तो आता मला विचारता येत नव्हता.

एकदा न राहवून म्हटलं, "मामा, मी तो चाकू आणायला नको होता."

"आसं का म्हनता?" ते म्हणाले. "चांगला चाकू हाय." आणि मग मला बरं वाटावं म्हणूनच बहुधा, त्याच्या लॉकची रचना कशी सोपी आणि पक्की आहे, झीज झाली तरी तो कसा सुटणार नाही, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावून दिलं. आकृती सुरेख होती. मी ऐकत राहिले.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. छोटासा समारंभ झाला, साहेबांनी शाल दिली. भाषणात साहेब म्हणाले, "आता वहिनींना वेळ द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी मान झुकवून शाल घेतली. मी जमिनीकडं बघत होते. सोलापूरच्या मुलीकडं जाणार म्हणाले होते, पण गेले नाहीत, की जाऊन परत आले, मला नीट कळलं नाही. सुरुवातीला मी फोन करायची. "बरं हाय" म्हणायचे, मग दोघंही गप्प. पुढं माझे फोनही विरळ झाले. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी कंपनीची बस चुकली म्हणून मी भोसरीला चाकणला जाणाऱ्या बसमध्ये चढले. मागं खिडकीशी जागा मिळाली. दोन थांबे गेल्यावर पुढच्या बाकावर एक पाठ ओळखीची वाटली. मामाच होते. खूप वाळले होते, मफलर गुंडाळलेला. खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांची कापडी पिशवी ठेवलेली होती. उठून त्यांच्याजवळ जाऊन बसावं असं मनात आलं. काय बोलायचं याची जुळवाजुळव करत मी दांडा धरून उभी राहिलेच होते, तेवढ्यात थांबा आला आणि गर्दी आत घुसली. कडेवर मूल घेतलेली एक बाई त्यांच्या बाकापाशी पोचली.

"काका, इथं कोणी आहे का?"

"हाय," मामा म्हणाले.

ती बाई पुढं सरकायला लागली. मामांनी त्या जागेकडं पाहिलं, पिशवीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहिले. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई, बाई. बसा तुमी."

ती बसली. मुलाचे पाय मामांच्या गुडघ्याला लागत होते. ते आणखी खिडकीकडं सरकले, आणि मी परत माझ्या जागेवर जाऊन बसले.